झांग निंग

झांग निंग (जन्म १९ मे १९७५, जिनझोऊ, ल्याओनिंग प्रांत) ही चीनची बॅडमिंटनपटू. ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचे सुवर्णपदक दोनदा (अथेन्स २००४, बीजिंग २००८) जिंकणारी ती आजवरची एकमेव खेळाडू आहे. चिनी नावांच्या रीतीप्रमाणे ‘झांग’ हे आडनाव. ज्या वयात चिनी संघातल्या मुली बहुधा रॅकेट खाली ठेवतात, त्या वयात झांगची खरी कारकीर्द सुरू झाली.

तिचे नाव प्रथम गाजले ते एका पराभवामुळे. मे १९९४ मध्ये जकार्ताला उबेर चषकाचा, म्हणजे महिला संघांच्या जागतिक स्पर्धेचा, अंतिम सामना होता. १९८४ पासून सलग पाच वेळा हा चषक चीनकडे होता. इंडोनेशियाशी २-२ अशी बरोबरी झाली आणि पाचव्या, निर्णायक लढतीत एकोणीस वर्षांच्या झांगसमोर उभी राहिली चौदा वर्षांची मिया औदिना. घरचे प्रेक्षक, कानठळ्या बसवणारा गोंगाट. तीन गेमपर्यंत गेलेली लढत झांग हरली आणि चषक गेला.

त्यानंतरची वर्षे दुसऱ्यांच्या सावलीत गेली. चीनच्या संघात जागा मिळवणे हे परदेशी खेळाडूला हरवण्याहून अवघड, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एकेरीत चीनकडून गोंग झिचाओ, ये झाओयिंग आणि दाई युन उतरल्या. झांग त्यात नव्हती. २००१ च्या जागतिक स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. २००३ मध्ये बर्मिंगहॅमला अंतिम सामन्यात गतविजेत्या गोंग रुइनाला हरवून ती जगज्जेती झाली, तेव्हा तिने अठ्ठाविशी गाठली होती.

अथेन्सच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा औदिनाच आली. लग्नानंतर ती नेदरलँड्सकडून खेळत होती. पहिला गेम झांगने ८-११ असा गमावला, पुढचे दोन ११-६, ११-७ असे घेतले. जकार्ताची उधारी दहा वर्षांनी फिटली.

या सुवर्णाला एक डाग मात्र आहे. उपांत्य फेरीत तिची गाठ सहकारी झोऊ मीशी होती. औदिनाविरुद्ध झांगच अधिक भरवशाची, असे ठरवून झोऊला फार जोर न लावण्यास सांगितले होते, हे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी २००८ मध्ये स्वतःच कबूल केले. झांगचा दर्जा त्यामुळे कमी होत नाही. पण झोऊच्या वाट्याला कांस्य आले, हेही विसरता येत नाही.

पुढे चीनच्याच शिए शिंगफांगचा काळ आला. २००५ आणि २००६ या दोन्ही जागतिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत झांग तिच्याकडूनच हरली. मधल्या काळात गुणपद्धतही बदलली. पूर्वी सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळे आणि महिलांचा गेम ११ गुणांचा असे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम २१ चा झाला. जुन्या पद्धतीत रॅली हरली तरी, सर्व्हिस आपली असेल तर, फक्त सर्व्हिस जाई. नव्या पद्धतीत प्रत्येक चूक थेट समोरच्याच्या खात्यात जमा होऊ लागली. दोन्ही पद्धतींत ऑलिंपिक सुवर्ण मिळवण्याची तिची कामगिरी मला पदकांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

मग आले २००८ चे बीजिंग ऑलिंपिक. १६ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात संभाव्य विजेती होती शिए. झांगने पहिला गेम २१-१२ घेतला, दुसरा १०-२१ असा घालवला. तेहेतिशीतल्या खेळाडूचे पाय आता जड होणार, असेच कोणालाही वाटले असते. पण तिची भिस्त निव्वळ स्मॅशवर कधीच नव्हती. उंच बांधा, फूल अगदी मागच्या रेषेपर्यंत नेणारे क्लिअर, त्याच हालचालीतून अचानक जाळ्याजवळ टाकलेला ड्रॉप, आणि समोरची चुकेपर्यंत वाट पाहण्याची तयारी. तिसरा गेम तिने २१-१८ असा जिंकला.

निवृत्तीनंतर ती चीनच्या महिला एकेरी संघाची प्रशिक्षक झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ली शुएरुई आणि वांग यिहान या दोघी चिनी खेळाडूंमध्येच अंतिम सामना झाला. सुवर्ण लीला मिळाले. त्याच संघातली वांग शिन कांस्यपदकाच्या सामन्यात पहिला गेम जिंकूनही गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडली आणि पदक सायना नेहवालच्या गळ्यात पडले.