माहिती अधिकार (नाशिकच्या अंगाने)

माहिती अधिकार, बोलण्यात नुसतं आरटीआय, म्हणजे सरकारी ऑफिसातला कागद बघायचा आणि त्याची झेरॉक्स मागायचा आपला हक्क. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला, पण महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, 2002 चा, त्यामागे अण्णा हजारेंचं आंदोलन होतं, त्यामुळे इकडच्या साहेबलोकांना ही सवय नाइलाजाने का होईना लवकर लागली.

नाशकात कलेक्टर ऑफिस असो, राजीव गांधी भवन, म्हणजे महापालिका, असो नाहीतर सुरगाणा तालुक्यातली एखादी ग्रामपंचायत, पद्धत एकच. जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, भरायचा, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत (ही राज्याच्या नियमाची गंमत, केंद्राच्या नियमात 500 शब्द चालतात). अर्जाच्या दोन कॉप्या न्यायच्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यायची. ही पोच हरवली तर भांडायला काही उरत नाही, कारण 30 दिवसांची मुदत त्याच तारखेवरून मोजतात. मिळणाऱ्या कागदांच्या झेरॉक्सला पानामागे 2 रुपये, बीपीएलवाल्यांना फी माफ. आणि कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, म्हणजे घरच्या माणसाला पोलिसांनी उचललंय आणि कुठे ठेवलंय कळत नाही, तर 48 तासात उत्तर द्यावं लागतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आमच्या ओळखीच्या एकांनी गल्लीतल्या डांबरीकरणाची एमबी मागितली, म्हणजे मोजमाप पुस्तिका, ज्यात इंजिनिअर रस्त्याची लांबी-रुंदी-जाडी लिहून सही करतो. उत्तर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही'. बिल मात्र निघालेलं! त्यांनी 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, ते त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडे जातं, आणि एमबी सापडली. तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, जिथे धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगरचीही प्रकरणं येतात. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार.

राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा याचाच चुलतभाऊ, दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड.

मूळ कायदा कुणी रद्द केला नाही, दात मात्र काढले. 2019 च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्राच्या हातात गेलं, आधी 5 वर्षं पक्की होती ती नियमांनी 3 वर आणली, आता ज्याच्या हातात मुदत आणि पगार त्याच्यावर आयुक्त कितपत डोळे वटारणार! त्याहून मोठा फटका 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा. माहिती अधिकार कायद्यात कुठली माहिती नाकारता येते ते सांगणाऱ्या कलम 8(1)(ञ) मध्ये आधी होतं की खासगी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच नाकारा, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही. हे सगळं उडवून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. म्हणजे एमबीवरची इंजिनिअरची सही पण वैयक्तिक म्हणतील. कलम 8(2) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, पण ते मोठं आहे हे आता स्टॅम्प लावणाऱ्याने पटवून द्यायचं.