पार्श्वभूमी : देव्हाऱ्यातली तसबीर आणि कलादालनातली रेणुका

बेळगावातल्या एका समकालीन कलादालनात सध्या पुराणकथांवर चित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं आहे. निमंत्रणपत्रिकेत 'प्राचीन' असं मोठ्या अक्षरांत छापलंय. कथा प्राचीन आहेत, हे कबूल. पण शकुंतला किंवा लक्ष्मी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे रूप उभं राहतं, त्याचं वय फार तर सव्वाशे-दीडशे वर्षं.

हलशीचं भूवराह आणि देगावचं कमलनारायण ही बाराव्या शतकातली कदंबकालीन देवळं आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथले दगडी देव आपण सहलीला जाऊन पाहतो; घरातला देव मात्र त्यांच्यासारखा दिसत नाही. पौराणिक पात्रांना आधी घाटदार रूप दिलं ते रंगभूमीने. १८४३ साली सांगलीत झालेल्या सीतास्वयंवराच्या खेळामागे प्रेरणा होती पौराणिक खेळ करणाऱ्या एका कानडी भागवत मंडळीची, ही गोष्ट आपल्याकडच्या भाषणांत सहसा येत नाही. १८८० साली पुण्यात गाजलेल्या संगीत शाकुंतलाचा कर्ता तर आपल्या गुर्लहोसूरचा.

खरा पालट झाला छापखान्यामुळे. केरळातल्या किळीमानूरच्या राजा रविवर्मा या चित्रकाराला एका अनुभवी दिवाणाने सुचवलं होतं, की चित्रांची मागणी एकट्या हाताने पुरी व्हायची नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घे. त्याने १८९४ साली मुंबईतच छापखाना घातला. यंत्रं जर्मन, कारागीरही जर्मन. छपाई लिथोची, म्हणजे दगडावरून : एकेका रंगाला वेगळा दगड, आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वरून चकाकी. पुढे प्लेगचे दिवस आले, कर्ज वाढलं, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही चित्रं घरोघर पोचली. बायका लक्ष्मीच्या तसबिरीवर खऱ्या टिकल्या आणि जर चिकटवत, कुणी पदराच्या जागी कापडच डकवत. काचेमागची तशी एखादी लक्ष्मी जुन्या वाड्यांत अजून सापडते.

देवांची चित्रं अशी छापण्याच्या या निर्णयावर तेव्हापासून वाद आहे. बंगालकडच्या टीकाकारांनी ही चित्रं परकी, नाटकी ठरवली. तो आक्षेप मला पोकळ वाटतो. तैलरंग परका, तर मग लिथोचा दगड कुठे इथला होता? उलट बाजूने सांगितलं जातं, की ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या घरी देव आला. हे खरंच आहे. पण आणखी एक तक्रार आहे आणि ती सीमाभागात जास्त लागू पडते : सगळ्या देवी एकाच गोऱ्या चेहऱ्याच्या, बऱ्याचदा नऊवारीतल्या झाल्या, आणि गावोगावच्या देवींची आपली वेगळी रूपं मागे पडली. केरळचा चित्रकार, मुंबईचा छापखाना, जर्मन यंत्र, आणि तसबीर बेळगावच्या टिळकवाडीतल्या देव्हाऱ्यात. यात हद्द कुठे आखायची?

या प्रदर्शनातला चित्रकार त्या एकसारख्या चेहऱ्याशी भांडतोय, असं मला दिसतं. त्याची रेणुका सावळी आहे. डोक्यावर कच्च्या वाळूची घागर, घागरीखाली सापाची चुंबळ. नवऱ्याच्या, जमदग्नीच्या आज्ञेवरून मुलाने, परशुरामाने तिचं मुंडकं उडवल्याचा प्रसंग त्याने काढलेला नाही, आणि तो का टाळला याची कुजबुज आहेच.

पण रेणुका म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीची यल्लम्मा, आणि तिथे ही कथा अजून चालूच आहे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते, बांगड्या फोडल्या जातात. माघात अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. कोल्हापूरकडून गाड्या भरभरून माणसं येतात, जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, डोईवर 'जग' (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन चालतात, चौंडकं हे तंतुवाद्य वाजतं. याच देवीला मुली देवदासी म्हणून सोडत. त्याविरुद्ध मुंबई प्रांताने १९३४ साली कायदा केला, तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होतं. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९८२ साली कर्नाटकाने आपला वेगळा, जास्त कडक कायदा केला.

चित्राशेजारच्या मराठी-कानडी टिपणात जमदग्नीचा कोप आणि परशुरामाची आज्ञाधारकता एवढंच आहे. जोगतिणींचा किंवा कायद्याचा त्यात उल्लेख नाही. कलादालनाने ते टिपण बदलावं, अशी मागणी काही प्रेक्षकांनी केली आहे.