१.१२ नंतरचं १.१३: ‘जॅग्ड अलायन्स २’ आजच्या संगणकावर कसा आला

‘जॅग्ड अलायन्स २’ हा भाडोत्री सैनिकांच्या तुकडीने लढायचा १९९९चा संगणकावरचा गेम आज पुन्हा खेळायला घेतला, की अरुल्को या त्यातल्या काल्पनिक देशात कोणाकोणाला उतरवायचं हे ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. गेम चालवायचा कशावर? विकला गेला तसाच, की त्याच्या कोडवरून खेळाडूंनी बनवलेल्या ‘१.१३’ किंवा ‘स्ट्राचाटेला’ या आवृत्त्यांवर? देश तोच, राणी तीच, पगारावरून अडून बसणारे भाडोत्री सैनिकही तेच. तरी तासाभर खेळल्यावर कळतं की हातात तीन वेगळे गेम आहेत. ही तिहेरी वाट फुटली २००४ साली, एका डिस्कमुळे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. मोजके सैनिक, प्रत्येक टर्नला, म्हणजे पाळीला, प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक ॲक्शन पॉइंट, पाऊल टाकलं की त्यातून वजा, गोळी झाडली की त्यातून वजा. हा हिशेब १९८८च्या ‘लेझर स्क्वाड’मध्ये पक्का दिसतो आणि १९९४ला परग्रहवासीयांविरुद्धच्या ‘एक्स-कॉम’ने तो घराघरात नेला. १९९५चा पहिला ‘जॅग्ड अलायन्स’ डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरचा. त्याने या हिशेबात माणसं घातली: नाव, आवाज, आवडनिवड आणि राग असलेली. १९९६च्या ‘डेडली गेम्स’मध्ये एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय आणि मोहिमा रचण्याचा एडिटर आला.

१९९९चा दुसरा भाग मात्र या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला. १६ बाय १६ सेक्टरांचा नकाशा, एका स्क्वाडमध्ये सहा जण, खाणी जिंकल्या तरच पैसा, गावकऱ्यांचा विश्वास मिळवला तरच तो पैसा नीट येणार. करार एका दिवसाचा, एका आठवड्याचा किंवा दोन आठवड्यांचा. तुमच्या हाताखाली फार माणसं मेली असतील तर चांगला नेमबाज कितीही पैसे देऊ केले तरी येत नाही. ज्याच्याशी त्याचं जुनं वैर आहे तो आधीच तुमच्याकडे असेल, तरी येत नाही. आकड्यांच्या गेममध्ये माणसाची अशी किंमत वसूल करणारे गेम त्या काळी फार थोडे होते, आजही फार नाहीत.

सुरुवातीच्या पडद्यावर गेम स्वतःच चार गोष्टी विचारायचा: अडचण किती, लढाई वास्तववादी की खाणींतल्या राक्षसी किड्यांसकट, बंदुका मोजक्या की भरमसाट, आणि लढाई चालू असताना सेव्ह करता यावं की नाही. या चार प्रश्नांचा संबंध पुढच्या वादाशी आहे.

गेमचं वय आधी जाणवलं ते पडद्यावर. ६४० बाय ४८० चं रिझोल्यूशन आणि १६ बिट रंग ही १९९९मधली सोयीची निवड होती. विंडोज ८ पासून कमी बिटांचे रंग खरे उरले नाहीत, यंत्रणा त्यांची फक्त नक्कल करते. डायरेक्टड्रॉ या जुन्या चित्रप्रणालीवर बेतलेले गेम त्यामुळे अडखळू लागले. काळा पडदा, विस्कटलेले रंग, रखडत सरकणारा नकाशा. कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये रंग कमी करण्याची खूण करून काहींचं भागतं, काहींचं नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या भागाच्याही चार वर्षं आधीचा डॉसवरचा पहिला भाग आज चालवायला जास्त सोपा आहे. डॉसबॉक्स अख्खा जुना संगणकच उभा करून देतो. विंडोजवरचे त्या मधल्या काळातले गेम अधांतरी राहिले: नक्कल करण्याइतके जुने नाहीत आणि थेट चालण्याइतके नवे नाहीत.

आता २००४. मूळ स्टुडिओ तोवर बंद पडला होता आणि हक्क दुसऱ्याच एका प्रकाशकाकडे गेले होते. त्या प्रकाशकाने ‘वाइल्डफायर’ नावाची, मुळात एक मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला फेरबदल) असलेली मोहीम विक्रीला काढली आणि त्याच डिस्कवर ‘जॅग्ड अलायन्स २’चा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्राम, दिला. लायसन्सची अट साधी होती: बदल करा, वाटा, पण विकू नका. चित्रं, नकाशे आणि आवाज त्यात नव्हते.

या कोडवर जे पहिलं मोठं काम उभं राहिलं त्याने स्वतःला नाव घेतलं ‘१.१३’. खरा गुंता या आकड्यात आहे. अधिकृत आवृत्ती १.१२वर थांबली होती. मॉडला लोक सहसा एखादं विशेष नाम देतात, मोहिमेचं किंवा प्रदेशाचं. इथे पुढचा क्रमांकच घेतला. त्या क्रमांकाचा सरळ अर्थ ‘याच गेमची पुढची दुरुस्ती’ असा होतो. नवखा खेळाडू तो तसाच वाचतो. जुन्या गेमला ताजा पॅच लावावा तशी १.१३ बसवतो आणि आपण मूळ गेमच थोडा नीटनेटका करून खेळतोय असं धरून चालतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. १.१३मध्ये शेकडो नव्या बंदुका आल्या. जॅकेट, पाउच, पाठपिशव्या यांच्या थरांची नवी इन्व्हेंटरी आली. मूळ गेममध्ये एका टर्नला कमाल २५ ॲक्शन पॉइंट होते, ते मोजमाप १००वर गेलं. नेमबाजीची एक नवी पद्धत आली, ज्यात लक्ष्याभोवतीच्या वर्तुळावरून गोळी कुठवर भरकटेल याचा अंदाज घ्यायचा असतो. यातलं बरंचसं सेटिंगच्या फाइलमधून बंद करता येतं, आणि १.१३चे समर्थक हेच उत्तर देतात. ‘भरमसाट बंदुका’ हा पर्याय मूळ गेमनेच दिला होता, आम्ही तो फक्त पुढे नेला, हेही ते म्हणतात. मुद्दा अगदीच पोकळ नाही. शिवाय रुंद पडदे, मोठी रिझोल्यूशन, जुन्या चुकांची दुरुस्ती हे सगळं १.१३ने केलं नसतं तर आज या गेमभोवती इतकी माणसं उरली नसती.

पण मूळ चार प्रश्नांची उत्तरं एका पडद्यावर मावत होती आणि प्रत्येक उत्तराचा परिणाम काय होईल हे खेळाडूला कळत होतं. शेकडो ओळींच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कोणती ओळ बदलली की १९९९चा तोल परत येईल, हे तो तोल ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच सांगता येतं. मूळ गेममध्ये नेम धरताना एकेक पॉइंट जास्त द्यायचा, असे कमाल चार. २५मधले ४ म्हणजे मोठा वाटा. ‘अजून एक क्लिक करू की आडोसा गाठू’ या क्षणी जीव खालीवर होतो तो त्या आकड्याच्या तुटपुंजेपणामुळे. माप १००चं झालं की हिशेब बारीक होतो, पण हाताला जाणवणारी ती टंचाई पातळ होते. पडद्याचंही तसंच. ६४० बाय ४८०मध्ये सेक्टरचा लहानसा तुकडा दिसायचा आणि कडेपलीकडून गोळी यायची. मोठ्या रिझोल्यूशनमध्ये जवळजवळ सगळं रणांगण समोर पसरतं. सोय होते, धाकधूक कमी होते.

‘स्ट्राचाटेला’ने त्याच कोडवरून उलट दिशा धरली. सुरुवात लिनक्सवर गेम चालावा म्हणून झाली. मग मॅक आला, विंडोज आलं, मधे काम थंडावल्यावर नव्या लोकांनी ते हाती घेतलं. चुका काढायच्या, जुनी चित्रप्रणाली बदलायची, पण नियमांना हात लावायचा नाही, हे धोरण राहिलं. न बदललेल्या गेमला खेळाडू ‘व्हॅनिला’ म्हणतात आणि स्ट्राचाटेला हे चॉकलेटचे बारीक तुकडे घातलेलं पांढरं आइस्क्रीम असतं, हे लक्षात घेतलं की नाव उलगडतं. त्या नावातच कबुली आहे की यात थोडं काहीतरी मिसळलेलं आहे. ‘१.१३’ या आकड्यात ती कबुली नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या दुरुस्त्या वाचतात, पण ‘मूळ गेम’ या शब्दावर त्यांचं एकमत झालेलं नाही.

अधिकृत बाजूला या काळात बरीच पडझड झाली. २०१२च्या ‘बॅक इन ॲक्शन’ने टर्नच काढून टाकली. आधी आखणी करायची आणि मग वेळ सोडून द्यायचा, अशी रचना आणली. जुन्या खेळाडूंनी ती स्वीकारली नाही, आणि रास्तच. २०१४चा ‘फ्लॅशबॅक’ लोकवर्गणीतून आला, टर्न परत घेऊन आला, पण फार टिकला नाही. २०१८चा ‘रेज’ लहान जीवाचा. २०२३चा तिसरा भाग मात्र मनापासून केलेला आहे: टर्न परत, करार परत, एकमेकांवर खार खाणारे भाडोत्रीही परत. तो खेळून अनेक नवे खेळाडू उलट पावली दुसऱ्या भागाकडे आले, आणि तिथे त्यांना पहिला सल्ला बहुतेकदा ‘१.१३ टाक’ हाच मिळतो. एकदा तरी स्ट्राचाटेलावर खेळ आणि मग टाक, असं सांगणारे कमी भेटतात.

सल्ला कोणताही घेतला तरी गेम विकत घ्यावा लागतो. २००४ला कोड मोकळा झाला, आवाज आणि चित्रं नाही, म्हणून दोन्ही प्रकल्पांना तेच लागतं: मूळ गेमचा डेटा फोल्डर.