बर्फावर उलटा धावणारा बचावपटू

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मच्छीमार होडीवर बर्फ चढवताना पाहावे. एकट्याला उचलणार नाही अशी लादी ओल्या फळीवरून आपसूक घसरत येते आणि हमाल आकडा लावतो तो केवळ तिला दिशा देण्यापुरता. ती का घसरते, असे विचारले की शाळेत पाठ केलेले उत्तर हमखास मिळते: वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. आइस हॉकीच्या स्केटबद्दलही (बुटाखाली धातूचे पाते) हेच सांगितले जाते आणि ते चूक आहे.

हिशेब सोपा आहे. नव्वद किलोंचा बचावपटू एका पायावर उभा आहे, स्केटचे पाते सुमारे 3 मिलिमीटर रुंद आहे आणि त्याची 10 सेंटिमीटर लांबी बर्फाला टेकली आहे, असे धरू. दाब वातावरणाच्या सुमारे 30 पट होतो. परंतु एका वातावरणाइतक्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागानेही उतरत नाही, म्हणजे एकूण घट जेमतेम 0.2 अंश! हॉकीच्या मैदानातला बर्फ मात्र उणे 5-6 अंशांच्या आसपास असतो.

खरे कारण पृष्ठभागात आहे. बर्फाच्या आतील प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांनी धरून ठेवलेला असतो, तर सर्वांत वरच्या रेणूंना वरून धरणारे कोणीच नसते; म्हणून ते शून्याखालीही सैल राहतात आणि सहज सरकतात. असा पातळ थर असावा, हे मायकेल फॅरडे यांनी 1850 मध्येच सुचवले होते. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते, हे 1939 मध्ये बाउडेन आणि ह्यूज या संशोधकांनी दाखवले. (बंदरातील लादी वितळू लागलेली असते, तिच्यावर सरळ पाणीच असते.)

केवळ घसरून बचावपटूचे भागत नाही. अंगावर येणाऱ्या आक्रमकाकडे तोंड ठेवून त्याला उलटे धावायचे असते. त्यासाठी पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण घासून दोन्ही कडांना धार ठेवतात. लांबीच्या दिशेने पाते जवळजवळ विनाअडथळा सरकते. आडवे कलवले की आतली धार बर्फात रुतते, आणि पायाने अर्धचंद्र कोरत खेळाडू मागे रेटला जातो.

पण रुतलेले पाते वळत नाही, पाऊल ताठ बुटात जखडलेले असते. वरचे अंग अवचित फिरले की पीळ गुडघ्यावर येतो. कॅनडाचा बचावपटू बॉबी ऑर 1966 मध्ये, अठराव्या वर्षी बोस्टनच्या संघाकडून खेळू लागला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये हंगामातील सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून) मिळवणारा तो एकमेव बचावपटू. ते त्याने दोनदा केले. डाव्या गुडघ्याच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर 657 सामन्यांवर, तिशीतच, त्याला थांबावे लागले. आपल्याकडे जत्रेत गुडघेदुखीवर तांब्याची कडी विकतात. गुडघ्यातील कूर्चेला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून ती सहजी भरून येत नाही, आणि मनगटावरचे तांबे तेथे काहीही करू शकत नाही.

स्वीडनचा बचावपटू निक्लास लिडस्ट्रॉम मात्र धडका देण्यापेक्षा जागा आणि कोन राखून खेळला. 1991 ते 2012 या काळात त्याच लीगमधील डेट्रॉइटच्या संघासाठी त्याने 1564 सामने खेळले आणि निवृत्त झाला तेव्हा तो 42 वर्षांचा होता.