पाठीच्या कण्याची निगा

मणके, त्यांच्यामधल्या गाद्या आणि त्यांना सावरून धरणारे स्नायू रोजच्या कामाधामात धडधाकट राहावेत, पाठदुखी शक्यतो उद्भवू नये आणि उद्भवलीच तर ती वरचेवर परतू नये, यासाठी बाळगायच्या सवयींना पाठीच्या कण्याची निगा म्हणता येईल. माणसाला कामापासून अडवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखी जगभर पहिल्या क्रमांकावर आहे. २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा जागतिक पातळीवरच्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातल्या सुमारे नव्वद टक्के लोकांत दुखण्याच्या एका नेमक्या कारणावर बोट ठेवता येत नाही. कारण सापडत नाही म्हणून सल्ल्यांचा सुकाळ आहे. पाठ जपायची म्हणजे ती हलवायचीच नाही, असा त्यातल्या बऱ्याच सल्ल्यांचा रोख असतो आणि तिथेच ते चुकतात.

जन्मतः कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ आयुष्यभर सुटे राहतात. त्यांच्याखालचे एकमेकांत जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड तयार होते. कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतो. मूल मान धरू लागले की मानेचा बाक येतो, उभे राहून चालू लागले की कमरेचा. ‘कणा ताठ ठेवा’ याचा अर्थ हे बाक सपाट करा असा होत नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नसांचा झुबका असतो. याच भागात गादी फुगून नस चेपली की कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. यालाच लोक सायटिका म्हणतात, आयुर्वेदात गृध्रसी.

गादी आणि सकाळची वेळ

दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा पाणीदार आणि लिबलिबीत असतो, भोवती चिवट तंतूंची कडी. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे अन्न शेजारच्या मणक्यांतून झिरपत येते. दिवसभर उभ्याने-बसून भार पडला की स्पंज पिळावा तसे तिच्यातले पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाले की परत भरते. त्यामुळे माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी एक-दीड सेंटिमीटरने बुटका असतो. भिंतीवर खूण करून कुणालाही हे घरी पाहता येते.

या भरतीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. झोपेतून उठल्यावर गादी पाण्याने टम्म असते आणि तेव्हा पुढे वाकले तर तिच्या कड्यांवर दुपारपेक्षा बराच जास्त ताण येतो. उठल्यानंतरचे तास-दोन तास खोल वाकणे टाळायला शिकवले, तर जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे दुखणे कमी होते, असे अमेरिकेतल्या १९९८ च्या एका चाचणीत दिसले. आपल्याकडे घरातले सगळ्यात वाकून करायचे काम नेमके याच वेळी येते. नळाला पहाटे पाणी येते तिथे साडेपाचला उठून पिंप, कळशा, बादल्या भरायच्या, त्या मोरीतून स्वयंपाकघरात न्यायच्या, लगोलग केर काढायचा, अंथरुणे उचलायची. हे सगळे गादी फुगलेली असताना, आणि बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर. पाण्याची वेळ आपल्या हातात नाही हे खरे, पण बादली अर्धीच भरणे, नळाला पाइप जोडून पिंप जागेवरच भरणे, कळशी जमिनीवर न ठेवता तिवईवर ठेवणे आणि केर तासाभराने काढणे एवढे तरी हातात असते. घरातल्या इतरांनी दोन बादल्या उचलणे हाही उपचारच समजावा.

ओझे उचलताना

गादीवर किती दाब पडतो हे जिवंत माणसात प्रथम मोजले ते स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी, १९६० च्या दशकात, गादीत सुई घालून. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून त्याची दिवसभराची कामे नोंदवली गेली. आडवे असताना दाब ०.१ मेगापास्कल (हे दाब मोजण्याचे एकक), उभ्याने ०.५. वीस किलोचे ओझे पाठ वाकवून उचलले तेव्हा २.३, गुडघ्यांत वाकून उचलले तेव्हा १.७. तेच ओझे छातीशी धरून उभे राहिल्यावर १.१ आणि छातीपासून साठ सेंटिमीटर लांब धरल्यावर १.८. आकडे एकाच माणसाचे आहेत, तरी कल कळायला पुरेसे आहेत. गुडघे वाकवा हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. ओझे अंगाशी घ्या हा सल्ला त्याच्याइतकाच, किंबहुना जास्त मोलाचा असून मागे पडला आहे.

वीस लिटरचा पाण्याचा जार साधारण याच वजनाचा असतो आणि ऑफिसात तो उचलताना मंडळी हमखास लांबून हात घालतात, झटका देतात आणि उचलता उचलता कमरेत वळून यंत्रावर उपडा करतात. जारच्या अगदी जवळ उभे राहावे, एक पाय किंचित पुढे टाकावा, जार आधी मांडीशी आणावा, मग पोटाशी. आणि वळायचे ते पावले टाकून, कंबर पिळून नव्हे. गॅसचा भरलेला सिलिंडर तिसाच्या आसपास किलोंचा असतो. तो उचलण्यापेक्षा तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यावा. गुडघे दुखणाऱ्यांना उकिडवे बसणे जमत नाही. त्यांनी ओझे आधी स्टुलाच्या उंचीवर ठेवायची सोय करावी.

ज्यांचे पोटच ओझ्यावर आहे त्यांना हे सगळे सांगणे अर्धवट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो आहे. हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तरी शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारी एक अख्खी पिढी बाजार समित्यांच्या आवारात वाकून गेली आहे, आणि ऊसतोड मजूर आजही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. तिथे उचलण्याची पद्धत सुधारण्यापेक्षा पोत्याचे वजन कमी करणे आणि मोळी चढवायला यंत्र देणे हाच खरा प्रतिबंध.

वाकून आणि बसून

हत्याराचा दांडा केवढा आहे यावरही पाठीचे बरेच अवलंबून असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर दुमडून खुरपणी करावी लागे. त्यांच्या लढ्यानंतर १९७५ मध्ये तिथे या कुदळीवर बंदी आली. आपल्याकडे खुरप्याऐवजी उभ्याने ढकलायचे सायकल कोळपे आले तिथे बायकांची कंबर वाचली. भातलावणीला मात्र यंत्र नसेल तर वाकण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी दर अर्ध्या तासाने उभे राहून, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकणे कामी येते. घरातही आखूड केरसुणीला लांब दांड्याचा झाडू हा सरळ पर्याय आहे, आणि ओटा कोपराच्या किंचित खाली हवा. ठेंगण्या बाईच्या मापाचा ओटा उंच सुनेची पाठ भरून आणतो.

बसण्याबाबत समजुती बदलल्या आहेत. नाकेमसन यांच्या मोजणीत बसल्यावर दाब उभ्यापेक्षा जास्त आला होता आणि त्यावरून ‘ताठ बसा’ची शिस्त जगभर पसरली. उल्मच्या मोजणीत आधाराविना बसणे आणि उभे राहणे जवळपास सारखेच निघाले. खुर्चीत सैल रेलल्यावर तर दाब ०.३ पर्यंत उतरला. म्हणजे रेलून बसणारा गुन्हेगार नाही. एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे पाठीला सोसत नाही, मग ती स्थिती ताठ असो वा सैल. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीला, पावले जमिनीवर टेकलेली, कमरेमागे आधार एवढी व्यवस्था पुरे. पुढचे काम अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याचे. खर्चिक खुर्ची घेऊन तीन तास न उठणाऱ्यापेक्षा साध्या खुर्चीवरून फोन आला की उभे राहणारा बरा. ट्रॅक्टर, एसटी, रिक्षा चालवणाऱ्यांच्या पाठीला बसण्याबरोबर हादरेही बसतात. त्यांनी प्रवास संपताच जड सामान उतरवायला घेऊ नये, आधी पाच मिनिटे चालावे.

शाळेच्या दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा आदेश महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये काढला. दप्तरामुळेच मुलांची पाठ कायमची बिघडते याला संशोधनात ठोस आधार मिळालेला नाही. पण पोराचे हाल कमी करायला एवढे कारण लागतेच असे नाही.

व्यायाम आणि विकतचे उपाय

पाठदुखी परतू नये म्हणून केलेल्या उपायांत नियमित व्यायाम सर्वांत भरवशाचा ठरला आहे. कंबरपट्टा आणि बुटातले खास तळवे यांनी प्रतिबंध होत नाही. सिडनीत ७०१ प्रौढांवर केलेली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तर निव्वळ चालण्याची होती. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत यायचे. काहीच न करणाऱ्या गटातल्या निम्म्या लोकांना ११२ दिवसांत पुन्हा दुखले. चालणाऱ्यांत त्याला २०८ दिवस लागले. योगासनांतले पुण्याचे नाव इथे घ्यायला हवे. बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने आसने बसवली. त्यांची पुण्यातली संस्था १९७५ पासून चालू आहे. त्यांच्या पद्धतीवर आधारलेल्या तीन महिन्यांच्या वर्गाने जुनाट पाठदुखीत रोजचे व्यवहार सुधारतात, असे २०११ च्या एका ब्रिटिश चाचणीत आढळले. सूर्यनमस्कार चांगलेच, पण सायटिकाची कळ चालू असताना पुढे झुकण्याचा अट्टहास नको.

कडक अंथरुणाचे माहात्म्यही थोडे अतिशयोक्त आहे. स्पेनमधल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक मानवली. सतरंजीवर सुखाने झोपणाऱ्याने ती सोडायचे कारण नाही. धूम्रपानाने मणक्यांमधल्या गादीची झीज वाढते. न्हाव्याकडे डोके हिसडून मान कडकड मोडून घेण्याची हौस मात्र सोडावीच: या हिसक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते.

उसण भरल्यावर

उसण भरली, कंबर धरली की पहिला सल्ला ‘आठवडाभर फळीवर पडून राहा’ असा मिळे. हेलसिंकीत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये झालेल्या चाचणीत काहींना अंथरुणावर ठेवले, काहींना व्यायाम दिला, काहींना जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. शेक घ्यावा, लागल्यास डॉक्टरांना विचारून वेदनाशामक घ्यावे, घरात फिरत राहावे. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. लगेच एमआरआय काढायची घाईही नडते. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र पाहिल्या तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. अहवालातली ‘डिजनरेशन’ ही ओळ वाचून धसका घेणारा माणूस हालचाल बंद करतो, स्नायू ढिले पडतात आणि दुखणे मुक्कामाला येते.

काही लक्षणांना मात्र थांबायला वेळ नसतो. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन असेल तर भारतात मणक्याच्या क्षयाची शंका आधी घ्यावी. हाडांच्या क्षयात कणा हीच सर्वांत जास्त बाधणारी जागा आहे. वेळेत निदान झाले तर बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात, आणि ती सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. उशीर झाला तर कुबड किंवा पाय लुळे पडण्याचा धोका असतो. पाळी गेलेल्या बाईला किरकोळ घसरण्याने किंवा नुसत्या वाकण्याने पाठीत एकदम कळ आली तर ठिसूळ मणका चेपलेला असू शकतो, त्यासाठी एक्स-रे काढावा. बैठकीची जागा बधिर होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, पायांतली ताकद झपाट्याने जाणे याचा अर्थ खालच्या नसांचा झुबका दाबला गेला आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.