मांजराचं घर नाकात असतं

2024 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘मांजरंही शोक करतात’ अशा मथळ्यांचं पेवच फुटलं. घरातला सोबतीचा प्राणी गेल्यावर मांजरांचं खाणं, झोपणं, खेळणं कमी होतं, काही मांजरं त्याला शोधत फिरतात, असं त्यात आढळलं होतं. एक गोष्ट मात्र बहुतेक मथळ्यांतून गळली. ही माहिती पाळणाऱ्यांनी सांगितलेली होती, आणि ज्यांना स्वतःला जास्त दुःख झालं होतं त्यांना आपलं मांजरही जास्त दुःखी दिसत होतं.

म्हणून मांजराला काही वाटतच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. पण मालक गेल्यावर दहा-बारा वर्षांचं मांजर नव्या घरात येतं आणि पलंगाखाली दडी मारून बसतं, तेव्हा त्याला माणूसघाणं ठरवण्याआधी, किंवा त्याच्यासाठी डोळे पुसण्याआधी, त्याच्या नाकाचा विचार करावा. त्याचा माणूस तर गेलाच, शिवाय ओळखीचे सगळे वास एका दिवसात गेले.

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांच्या कडेला आणि कानशिलापाशी गंधग्रंथी असतात. टेबलाच्या पायाशी थांबलेलं मांजर नीट पाहा. आधी हुंगतं, मग ओठाची कड टेकवतं, मग मान तिरकी करून गालापासून कानापर्यंतचा भाग लाकडावरून ओढत नेतं. मागे उरतं ते मेदाम्लांचं मिश्रण, ज्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. वास विरत जातो, म्हणून हे काम रोजचं. वर्षानुवर्षं राहिलेल्या घरात मांजराच्या उंचीवर अशा खुणांची अखंड रांग तयार झालेली असते. नव्या घरात ती जागा कोरी असते.

नाकाखेरीज मांजराकडे वास पारखायचं दुसरंही साधन आहे, आणि ते थेट टाळूत. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, एका छोट्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. तिथून निघालेल्या नळ्या जेकबसनच्या इंद्रियाकडे जातात. लुडविग जेकबसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 19व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. एखादा वास, विशेषतः दुसऱ्या मांजराचा, तपासायचा असला की मांजर वरचा ओठ उचलतं, तोंड अर्धवट उघडं ठेवतं आणि काही क्षण थिजल्यासारखं उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, त्याला घाण आली. प्रत्यक्षात त्या क्षणी वासाचे रेणू त्या छिद्रांतून वर चाललेले असतात. या इंद्रियातले चेतातंतू मेंदूतल्या नेहमीच्या वासाच्या केंद्राला, म्हणजे मुख्य गंधकंदाला, वळसा घालून साहाय्यक गंधकंदात शिरतात, तिथून मेंदूच्या अमिग्डाला आणि पुढे हायपोथॅलॅमस या भागांत. म्हणजे निरोप भीती आणि संप्रेरकं सांभाळणाऱ्या भागांना पोचतो, विचार करणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थराला फारसं न विचारता. 2014 मध्ये मांजराच्या जनुकसंचाचं विश्लेषण झालं, त्यात या इंद्रियातल्या व्ही-वन-आर गटाच्या ग्राहींची, म्हणजे वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांची, 21 कार्यक्षम जनुकं सापडली. कुत्र्यात ती 8. साध्या वासात कुत्रा पुढे, पण या गटात मांजराने त्याला मागे टाकलं आहे.

जाता जाता एक. मांजर रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बघतं तेव्हा त्याला गेलेल्या माणसाचा आत्मा दिसतो, असं सांगणारे भेटतात. मांजराला 60 किलोहर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात, आपली धाव 20पर्यंत. भिंतीमागच्या उंदराची चिकचिक पुरेशी आहे, आत्म्याला कशाला त्रास द्यायचा?

तर, जुन्या घरातली चादर किंवा पांघरूण सोबत मागून घ्या आणि धुऊ नका. सुरुवातीला एकच खोली द्या, आणि तिथे एक खोकं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं त्यांचा ताण लवकर उतरला. तेव्हा लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढणं म्हणजे चांगलं चाललेलं काम बिघडवणं. बाजारात कृत्रिम फेरोमोनचे, म्हणजे प्राणी एकमेकांना देतात तशा गंध-निरोपांचे, डिफ्यूझर मिळतात. त्यांच्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, जाहिराती मात्र फार ठाम असतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र वाट बघू नका. उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं, यकृताला तिचा निपटारा झेपत नाही आणि त्याच्या पेशी चरबीने भरून जातात. अंगाने भरलेल्या मांजरांना धोका जास्त. दिवसभर अन्नाला तोंडच लावलं नाही, तर पशुवैद्याला फोन करा. म्हातारं मांजर सांधेदुखीनेही कोपरा धरून बसतं; सगळं दुःखाच्या खात्यावर टाकू नका.

बाकी वेळ जमिनीवर, जरा तिरकं बसा. नजर रोखू नका. डोळे अर्धे मिटा, हळूच पूर्ण मिटा, उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांच्या 2020 मधल्या प्रयोगात अनोळखी माणसाने असं केल्यावर मांजरं त्याच्या हाताजवळ जास्त वेळा आली. आलंच, तर एक बोट नाकासमोर धरा आणि हलवू नका. हुंगून ते गाल टेकवेल, तेव्हा गाल आणि हनुवटीच खाजवा. पोट आणि शेपटीचं मूळ सोडा, तिथला हात बहुतेक मांजरांना खपत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या पोटरीला गाल घासून गेलं, तर ती पँट लगेच धुवायला टाकू नका.