पाणी स्वच्छ, तरी मासे का मरतात?

नवी टाकी, धुतलेली खडी, आरपार दिसणारं पाणी. "चोवीस तास पाणी ठेवा आणि मासे सोडा," असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तेवढ्या वेळात नळाच्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडतो, हे खरं. पण टाकी त्याने तयार होत नाही.

मासा अमोनिया टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, त्यामुळे विष्ठा उपसून फारसं काही साधत नाही. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच निघतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम आणि घातक मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कता सांगणारा आकडा) ७ असेल तर मुक्त अमोनिया जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. बहुतेक टेस्ट किट दोन्हींची बेरीज दाखवतात. म्हणजे शेजाऱ्याच्या टाकीत आणि तुमच्या टाकीत आकडा एकच, पण विष दहापट! बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी तर पीएच बघितल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

हा अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतात. काही त्याचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. अडचण अशी की एकाचे दोन व्हायला त्यांना अर्धा-एक दिवस किंवा जास्तच लागतो, आणि नायट्राइट खाणाऱ्यांची फौज मागाहून उभी राहते. मधल्या काळात नायट्राइट चढतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. रक्त तपकिरी पडतं आणि एअर पंप चालू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

दुसरं काम, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं, नायट्रोबॅक्टर हा जिवाणू करतो, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. १९९८ मध्ये संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे नायट्रोस्पिरा हा वेगळाच जिवाणू निघाला. २०१५ मध्ये त्याहून गंमत झाली. दोन्ही पायऱ्या एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिरा सापडले, त्यातले काही चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून. बाटलीबंद जिवाणू घेताना लेबलवर कुणाचं नाव आहे, ते म्हणूनच वाचावं.

टाकी मासे न सोडताच तयार करावी, असं माझं ठाम मत आहे. फिल्टर चालू ठेवून सुगंध किंवा साबण नसलेला अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम या हिशेबाने घालायचा. एवढा डोस चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळकट स्पंज मिळाला, तर बरंच लवकर होतं. शेवटी साठतं ते नायट्रेट. ते पाणी बदलून काढावं लागतं, थोडं झाडं शोषतात. आणि जिवाणू टिकावेत म्हणून स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नका. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळला, की पुरे.